विलास, आधी रक्त तपास

यावल

प्रिय विलास,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि जीव लागेना. तुझ्या पाठदुखीवर पट्टा झाला, मालिश झाली, दुखण्याच्या गोळ्या तर चालूच आहेत. आता माझं एक ऐक, रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घे.

आईचं तुला माहीतच आहे. कित्येक वर्षं "मनी पाठ दुखस" हेच. जो तो म्हणे, वय झालं. नव्या डॉक्टरांनी पाठीला हात लावायच्या आधी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, तशी ती कळवळली. मग विचारलं, खालून उठताना हात टेकावे लागतात का? जिना चढताना मांड्या गळून जातात का? दोन्ही होतंच. तपासणीत आकडा आला ९. २० च्या खाली म्हणजे कमतरता. हे जीवनसत्त्व फार घटलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, नवं हाड मऊच राहतं, आणि कंबर-पाठ आतून ठणकत राहते.

तू म्हणशील, हे तर अंगावर ऊन पडलं की कातडीत तयार होतं, मग आपल्या खान्देशात उन्हाला काय तोटा? पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की आपण टोपी-रुमाल बांधून सावलीच शोधतो. तू तर सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात ट्यूबलाइटखाली. काचेतून आलेलं ऊन याला चालत नाही, लागणारे किरण काच अडवते. कोवळ्या उन्हातही ते कमीच. सूर्य वर आल्यावर वाढतात. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. आणि भरीत-भाकरीतून हे जवळजवळ मिळत नाही.

एक मात्र बजावतो. ६०,००० युनिटची पुडी मेडिकलवरून परस्पर आणून खात बसू नकोस. अती झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. किती आणि किती आठवडे, ते डॉक्टरच ठरवतील. आईला बरं वाटायला काही महिने लागले, पण आता ती चुलीपुढून भिंत न धरता उठते. ते बघताना फार बरं वाटतं रे.

प्रत्येक पाठदुखी यामुळेच असते असं नाही. आकडा चांगला आला तर कारण दुसरीकडे शोधायचं. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठ.

या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. दुकान उघडायच्या आधी रक्त देऊन ये आणि रिपोर्टचा फोटो लगेच पाठव. आईसुद्धा रोज विचारते.

तुझाच,
सुधाकर