मे महिन्यात शाळेचं पुस्तकांचं कपाट उघडं राहू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ मेला निकाल लागतो आणि शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागतं. ते निघतं थेट जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहूनही उशिरा. पाचवी ते दहावीच्या मुलांना वर्षात सलग मोकळा वेळ मिळतो तो याच दिवसांत. दुपारी ऊन इतकं की घराबाहेर पडता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली मुलं तर हंगाम आटोपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. ती गावात येतात आणि शाळा बंद होते.

हे कुलूप आळसापोटी लागत नाही. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवलेलं असतं. तपासणीत एखादं कमी भरलं, तर जबाब द्यावा लागतो तो प्रभारी शिक्षकाला, आणि बऱ्याचदा किंमतही त्यालाच भरावी लागते. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची, प्रक्रिया इतकी लांबलचक की फाटकं पुस्तकसुद्धा वर्षानुवर्षं यादीत राहतं. अशा स्थितीत शिक्षकाला कपाटातलं पुस्तकच सुरक्षित वाटणार. प्रत्यक्षात भिंतीला टेकलेल्या बंद कपाटात वाळवी आणि कसर निवांत काम करतात. मुलाच्या हातात फाटलेलं पुस्तक निदान वाचलं गेलेलं असतं.

सुट्टीत ही पुस्तकं मुलांना घरी वाचायला मिळावीत, म्हणून आमची पहिली मागणी पैशाची नाही, परिपत्रकाची आहे. सुट्टीत घरी दिलेल्या पुस्तकांपैकी शेकडा पाचपर्यंत हरवली किंवा खराब झाली, तर कुणाकडूनही वसुली होऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर ती नोंदवहीतून कमी करता यावीत. हे परिपत्रक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेत पोचायला हवं. निकालाच्या आदल्या दिवशी आलेला कागद फायलीत जातो.

पुढचं काम अवघड नाही. १२० मुलांच्या शाळेत प्रत्येकी २ म्हणजे २४० पुस्तकं लागतात. अदलाबदलीसाठी आणखी ६० ठेवली की ३०० पुस्तकांत सुट्टी निघते. एप्रिलच्या मध्यावर ही पुस्तकं दोन दिवस बाकांवर मांडून ठेवावीत, पाठ वर करून नव्हे, मुखपृष्ठ दिसेल अशी. मुलांनी उघडून, चाळून स्वतः निवडावं. पुस्तक झेपेल का, हे पाहण्याची सोपी रीत आहे : मधलंच एखादं पान वाचायचं आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपण्याआधी पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक पुढच्या सुट्टीसाठी. सातवीतलं मूल चौथीच्या पातळीचं पुस्तक उचलत असेल, तर उचलू द्यावं. तिथे कुणी ‘हे तर लहान मुलांचं’ म्हटलं, की ते मूल पुन्हा बाकाजवळ येत नाही.

नोंदीला साधी वही पुरते : तारीख, नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परत आल्याची सही. वाटप निकालाच्या दिवशी करावं, कारण त्या दिवशी पालक शाळेत येतात आणि प्रगतिपुस्तकासोबत पुस्तकंही त्यांच्यासमोर देता येतात. पुस्तकं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावीत. परत येतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो.

पुढे मे-जूनमध्ये दर १०-१२ दिवसांनी एक, असे तीन अदलाबदलीचे दिवस ठेवावेत, सकाळी आठ ते दहा. विदर्भात सातलाच सुरू करावं. कपाट उघडणार कोण, हा प्रश्न इथे अडतो. माध्यमिक शाळांत लिपिक आणि शिपाई सुट्टीतही कामावर असतात, कार्यालय उघडं असतं. बंद असतं ते फक्त ग्रंथालय. जिल्हा परिषदेच्या शाळेत एखाद्या शिक्षकाला बोलवायचं, तर त्या दिवसांच्या बदल्यात अर्जित रजा त्याच्या खाती जमा व्हावी, हे परिपत्रकातच लिहिलेलं असावं. गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल, तर पेटीभर पुस्तकं सुट्टीपुरती तिथे ठेवता येतील.

आता खरेदीबद्दल. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदान मिळतं. ते वर्षअखेरीस हाती पडलं की खर्च करण्याची घाई होते आणि एकाच पुस्तकाच्या दहा-वीस प्रती किंवा निबंधमाला कपाटात येऊन बसतात. आठवी-नववीच्या मुलांना ६० ते १०० पानांची पुस्तकं हवी असतात : रहस्यकथा, खेळाडूंची चरित्रं, प्राणी, प्रवास, हातांनी करायचे प्रयोग. एका पुस्तकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती नकोत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ज्या शाळांत गठ्ठ्याने पडून आहेत, त्यांनी ते आधी बाहेर काढावेत. जाड पुस्तकाला बिचकणारं मूल पातळ अंक सहज घेऊन जातं.

एक विनंती मात्र कळकळीची. या वाचनावर स्वाध्याय लावू नका. ‘प्रत्येक पुस्तकाचा दहा ओळींत सारांश’ असा आदेश निघाला, की मुलं मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणतात आणि पुस्तक न उघडताच परत येतं. ऑनलाइन माहिती भरा, छायाचित्रं चढवा, असंही सांगू नका. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला ते होतंच. जूनमध्ये वर्गात इतकंच विचारावं : कोणतं आवडलं, कोणतं अर्धवट सोडलं आणि का. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची नावं लिहून ठेवावीत. पुढच्या खरेदीची यादी करताना तीच सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

आपले विश्वासू,
शालेय ग्रंथालयांचं काम पाहणारे शिक्षक व ग्रंथपाल