बारक्याच्या ॲडमिशनबद्दल, काका

ती. काका आणि काकूंना सा. न.,

काल आईकडून कळलं की बारक्याला इथं जर्मनीतल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं मास्टर्ससाठी ऑफर लेटर आलंय आणि तासगावच्या द्राक्षबागेवर कर्ज काढायचं चाललंय. फोनवर तुम्ही बघू बघू म्हणता आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहूनच पाठवते, सावकाश वाचा आणि काकूला पण वाचून दाखवा.

काका, बाग गहाण टाकू नका. निदान सरकारी युनिव्हर्सिटीला अर्ज केल्याशिवाय तरी नकोच.

विश्रामबागच्या त्या कन्सल्टन्सीनं वर्षाला १२,००० युरो फी सांगितलीय ना, म्हणजे दोन वर्षांचे २४,०००, युरो शंभर रुपयाला धरला तरी चोवीस लाख आणि ही नुसती फी. व्हिसासाठी ब्लॉक अकाऊंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात ते सरकारीला पण आणि प्रायव्हेटला पण, पण ते पैसे आपलेच असतात, इथं आल्यावर महिन्याला ९९२ युरो आपल्याच खात्यात येतात आणि त्यातनंच भाडं, किराणा, विमा सगळं भागवायचं. तो खर्च कुठंही गेला तरी चुकत नाही, खरा फरक फीचाच. मी इथं माग्देबुर्गला सरकारीत शिकतेय, मला ट्यूशन फी नाही, सहामाहीला थोडी वर्गणी तेवढी भरते. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत परदेशी पोरांना पण असंच आहे. सगळीकडं नाही हां, श्टुटगार्ट हायडेलबर्ग ज्या राज्यात येतात तिथं युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सहामाहीला ४,००० ते ६,००० लावलेत. तरी बिनफीच्या युनिव्हर्सिटी भरपूर उरतात.

मग कन्सल्टन्सीवाले सरकारीचं नाव का काढत नाहीत? सरकारी युनिव्हर्सिटी त्यांना सहसा कमिशन देत नाही, प्रायव्हेटवाले देतात. आठ दिवसात ऑफर लेटर आलं म्हणून बारक्या खूश आहे पण ते इतक्या लवकर का येतं ते पण बघायला पाहिजे.

आणि बारक्याचे मार्क काय कमी नाहीत ओ! इथं आपले मार्क त्यांच्या पद्धतीत बदलतात, १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास. त्याचा सीजीपीए ७.८ आहे, त्याच्या कॉलेजात पासिंग ४ ला असेल तर २.१ येतो आणि ५ ला असेल तर २.३, आणि बऱ्याच मास्टर्सला २.५ पर्यंत चालतं. मेकॅनिकलचा पोरगा, आयईएलटीएस पण चांगलं झालंय, मग त्यानं स्वतःहून मागं का हटायचं?

सरकारीत सगळं सोपंय असं मी सांगणार नाही. इथं कुणी मागं लागत नाही, परीक्षेला नाव पण आपण स्वतः नोंदवायचं, आणि बहुतेक ठिकाणी एकाच पेपरात तीनदा नापास झालं की त्या कोर्समधून कायमचं बाहेर, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत तोच कोर्स परत मिळणं पण अवघड होतं. प्रायव्हेटला वर्ग लहान असतात, चौकशी करायला माणूस असतो, काही चांगल्या पण आहेत. ज्याचे मार्क बसत नाहीत किंवा ज्याला पाहिजे तो कोर्स तिथंच आहे त्यानं जरूर जावं, घरात पैसा असेल तर. आपल्याकडं पैसा म्हणजे बाग, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर एक अवकाळी पाऊस आला की डाऊनी रोगानं द्राक्षाचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. हप्ता मात्र दर महिन्याला येणारच.

तरी पण प्रायव्हेटच करायचं ठरलं तर एवढं बघाच, त्या युनिव्हर्सिटीला राज्य सरकारची मान्यता आहे का, आनाबिन नावाच्या सरकारी यादीत तिच्यापुढं एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असं लिहिलंय का, वर्ग खरंच समोर बसून भरतात का अर्धे ऑनलाईन असतात, कारण ऑनलाईनवाल्या कोर्सला व्हिसा अडतो. आणि व्हिसा नाकारला तर भरलेली फी किती परत देणार हे लेखी घ्या, तोंडी नको.

आता बारक्यानं पहिलं एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला, काढायला टाकावं, भारतीय पोरांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून ते व्हिसाला कंपल्सरी आहे, १८,००० रुपये लागतात आणि वेळ खातं. सरकारीच्या बऱ्याच अर्जांना युनी-असिस्ट, म्हणजे युनिव्हर्सिट्यांसाठी अर्ज तपासणारी संस्था, लागतं, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे पाच ठिकाणी टाकले तरी दोनशेच्या आत. ऑक्टोबरच्या सत्राच्या तारखा काही ठिकाणी मार्चलाच संपतात, काही ठिकाणी मे, काही १५ जुलै, तर प्रत्येकाची वेगळी बघायची. कुठंच नाही लागलं तर एक सहामाही थांबेल आणि तेवढ्यात सांगलीत बसून जर्मन शिकेल, पार्टटाइमला इथं जर्मन लागतंच, नुसत्या इंग्रजीवर फार दारं उघडत नाहीत.

त्याला सांगा सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटचे फोटो मला आजच टाक, मी कोर्स शोधून यादी करते आणि रविवारी तुमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू, तुम्ही पण बसा. आणि तोवर त्या कन्सल्टन्सीला डिपॉझिट भरू नका काका, कितीही फोन आले तरी.

आजीला नमस्कार. काकूला म्हणावं भडंग संपलं.

तुमची,
मोठी

ता. क. बँकेत कागद दिले असतील तर सही करायच्या आधी मला एक फोन करा, रात्री कितीही वाजू देत.