सापांच्या रंगावर पैसे लावण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार,
माझा भाचा टेक्सासला असतो, त्यानं बॉल पायथन या पाळीव छोट्या अजगराची जोडी घेतली, दिसायला साधीच पण दोघांत पायबाल्डचा, म्हणजे अंगावर मोठे पांढरे डाग आणणारा, जीन लपलेला, म्हणे एकेक पिल्लू सोन्याच्या भावानं जाईल. मादी अंड्यावर यायला तीन वर्षं गेली, हीटर, फ्रोझन उंदीर, डॉक्टर सगळा खर्च चालूच. दोनेक महिने अंडी उबवली. एका रात्री व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारून दाखवली, सहा अंडी, आणि निघाली सहाही पिल्लं साधी तपकिरी! अशा जोडीत पायबाल्ड निघायची शक्यता अंड्यामागे चारात एकच, हे विकणाऱ्यानं नीट सांगितलंच नव्हतं. तोवर पायबाल्डचाही भाव उतरलेला, कारण प्रत्येक घेणारा स्वतःच ब्रीडर होतो आणि माल वाढतच जातो. याच सापाच्या स्पायडर नावाच्या रंगप्रकारात तर त्या जीनमुळेच सापाची मान डगमगते, त्या मुक्या जिवाचं फार वाईट वाटतं.
आपल्याकडची पोरं पण हे व्हिडिओ बघून विचारतात. २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर असे परदेशी साप बाळगायला, पिल्लं झाली तरी, नोंदणी लागते, आधी वनखात्यात चौकशी करा.
- एक वाचक, सातारा