क्वांटम प्रयोगशाळेतला झाकलेला लेथ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्वांटम तंत्रज्ञानाविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या मी नेमाने वाचतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेलही याच विषयाला मिळाले, त्यामुळे या बातम्या वाढल्या हे साहजिक आहे. त्यांत प्राध्यापक असतात, मंत्री असतात, कोटींचे आकडे असतात. ज्या इमारतीत हे संशोधन चालते तिथला लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचे यंत्र, मात्र कधी दिसत नाही. मी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेली सव्वीस वर्षे लहानशी यंत्रशाळा चालवतो, राहायला ठाण्यात आहे, आणि एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला काही वर्षांपासून निर्वात यंत्रणेचे सुटे भाग करून देतो. हे पत्र त्या अनुभवातून लिहिले आहे.

चारेक वर्षांपूर्वी त्या विभागातली एक संशोधक विद्यार्थिनी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आली. लेसरने अणू एका जागी धरण्यासाठी पाच लिटरच्या कुकरएवढे एक अष्टकोनी पात्र तिला एसएस ३१६ मध्ये करून हवे होते. औषध कंपन्यांचे आणि डेअरीचे जॉब आम्ही नेहमी करतो, त्यामुळे स्टेनलेस स्टील आम्हाला नवे नव्हते. पण आतला दाब किती राहायला हवा हे तिने सांगितले तेव्हा मी तो आकडा पुन्हा विचारला. बाहेरच्या हवेच्या दाबाचे शहात्तर हजार कोटी भाग केले तर त्यातला एक भाग, एवढाच दाब त्या पात्रात चालणार होता. असे पात्र रबराच्या रिंगेवर बंद होत नाही. दोन्ही फ्लँजवर, म्हणजे एकमेकांना जोडल्या जाणाऱ्या कड्यांवर, सुरीसारखी धार काढावी लागते, मध्ये तांब्याची चकती बसते, बोल्ट आवळले की धार तांब्यात रुतते, आणि एकदा उघडले की ती चकती भंगारात जाते. वेल्डिंग आतल्या बाजूने करायचे, आणि काम संपल्यावर हातमोज्याशिवाय आत बोटसुद्धा लावायचे नाही, कारण बोटाच्या ठशातले तेल दिवसेंदिवस वाफ सोडत राहते. माझ्या टर्नरने, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराने, पहिल्या धारेला चार दिवस घेतले आणि तरीही ती आम्हाला पुन्हा काढावी लागली.

पात्र विभागात पोहोचले, पंप लागले, आणि दाब एका पातळीवर येऊन अडून बसला. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. विभागात तेव्हा एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते. त्यांनी प्रत्येक सांध्यावर हेलियमची बारीक फुंकर मारून पाहिली. हेलियम सगळ्यात लहान फटीतूनही आत शिरतो आणि आतले यंत्र तो लगेच ओळखते. पण इथे यंत्राचा काटा हललाच नाही. मग त्यांनी मला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, ‘आत आरशांचे स्टँड बसवायला भोके पाडलीत, ती आरपार आहेत की बंद?’ ती बंद होती. बंद भोकात स्क्रू आवळला की त्याच्या टोकाखाली चिमूटभर हवा अडकते आणि आट्यांमधून आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. या गळतीचा बाहेरून पत्ता लागत नाही, कारण ती बाहेरून आत येतच नसते. त्यांनी बारा स्क्रू काढले, विभागातल्याच जुन्या लेथवर प्रत्येक स्क्रूच्या मधोमध एक मिलिमीटरचे आरपार भोक पाडले, आणि त्यानंतर दाब उतरू लागला. या कामाचा उल्लेख कोणत्याही शोधनिबंधात होणार नाही. तो व्हावा अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

त्यापुढचा टप्पा भाजण्याचा. पात्राच्या धातूत मुरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून त्याला तापपट्ट्या गुंडाळतात, वरून ॲल्युमिनियमची फॉइल लावतात आणि दीडशे अंशांच्या वर काही दिवस तापत ठेवतात. ऐन जुलैत हे काम चालू होते. वीज गेली तर पात्र असमान थंड होऊन काचेच्या खिडक्या तडकण्याची भीती, म्हणून विद्यार्थी पाळीपाळीने रात्र जागत. त्यांतला कळव्याचा मुलगा शेवटच्या गाडीने येई आणि सकाळी परत जाई. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये झाली आहे, पण ती वेळेवर हातात पडेलच असे नाही. तेव्हा त्या मुलांचे चार महिन्यांचे पैसे थकले होते. (माझे बिलही अकरा महिन्यांनी निघाले, पण माझ्याकडे डेअरीचे जॉब असतात, त्यांच्याकडे नसतात.)

त्यानंतरही लेसर स्थिर करण्यात दीड वर्ष गेले. एका संध्याकाळी फोन आला, ‘काका, दिसतंय, या.’ अंधाऱ्या खोलीत मॉनिटरवर काळ्या पटलाच्या मध्यभागी मोहरीच्या दाण्याएवढा एक पांढुरका ठिपका होता. रुबिडियम या धातूचे कोट्यवधी अणू सहा बाजूंनी येणाऱ्या लेसर किरणांनी आणि दोन वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राने एका जागी धरले होते. एरवी सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास धावणारे हे अणू त्या ठिपक्यात सेकंदाला काही सेंटिमीटर एवढेच हलत होते, म्हणजे मुंगीला हेवा वाटू नये इतके. असा सापळा जगात १९८७ साली प्रथम जमला. त्यामुळे आमच्या या ठिपक्याची बातमी कुणी छापणार नाही हे मला समजते. पण त्या विभागासाठी तो मैलाचा दगडच होता. तो पाहायला ते ज्येष्ठ तंत्रज्ञ नव्हते. ते आदल्या मेमध्ये निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि ज्या लेथवर त्या स्क्रूंना भोके पडली तो ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला आहे. काचकाम करणाऱ्याची जागा त्याआधीच रिकामी झाली होती.

माझे म्हणणे नेमके इथे आहे. हातांना कौशल्य असलेली माणसे पदरी न ठेवता क्वांटम भौतिकीत कुणी फार पुढे गेल्याचे मला तरी दिसत नाही. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओन्स यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम पहिल्यांदा द्रवरूप केला, म्हणजे उणे २६९ अंशांपर्यंत मजल मारली, आणि १९११ साली त्याच प्रयोगशाळेत अतिसंवाहकता, म्हणजे अतिथंड धातूतून कोणत्याही विरोधाशिवाय वीज वाहणे, सापडली. आजच्या क्वांटम संगणकाचा बराच मोठा भाग या दोन गोष्टींवर उभा आहे. पण ओन्स यांनी हेलियम द्रवरूप करण्याच्या सात वर्षे आधी, १९०१ मध्ये, उपकरणे घडवणाऱ्यांची आणि काचकाम करणाऱ्यांची एक शाळाच सुरू केली होती. निळे डगले घातलेली तिथली मुले दिवसा प्रयोगशाळेत काम करत आणि कामातूनच शिकत. गेरिट फ्लिम हे तिथले मुख्य तंत्रज्ञ आणि ऑस्कर केसेलरिंग हे काचकामाचे उस्ताद. यांची नावे इतिहासात टिकली, ती ओन्स यांना त्यांची किंमत कळत होती म्हणून. ती शाळा आजही चालू आहे.

२०२५ च्या नोबेलची गोष्टही याहून फार वेगळी नाही. जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना ते ज्या प्रयोगांसाठी मिळाले ते १९८४-८५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत झाले होते, आणि मार्टिनिस तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते. हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलात क्वांटम परिणाम दिसायचा तर बाहेरचा सूक्ष्मलहरींचा गोंगाट तारांतून आत येता कामा नये. त्यासाठी त्यांनी तांब्याची पूड भरलेल्या नळ्यांची गाळणी बनवली. मला त्या नोबेलमधली हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटली. प्रयोग आणि पारितोषिक यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि ज्या विभागात तंत्रज्ञाची जागा दोन वर्षे रिकामी ठेवून आपोआप रद्द होऊ दिली जाते, तिथे चाळीस वर्षांचा विचार कोण करणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे; ऐरोलीच्या पुलावरून गेले तर माझ्या यंत्रशाळेपासून तासाभराच्या आत. मिशनच्या उद्दिष्टांत २०३१ पर्यंत ५० ते १,००० क्युबिटचे (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे एकक) संगणक आहेत, उपग्रहाद्वारे २,००० किलोमीटरवर सुरक्षित संदेशवहन आहे. हे सगळे व्हावेच. पण यातला पैसा विद्यापीठाच्या विभागापर्यंत पोहोचतो तो बहुधा आयात यंत्राच्या रूपाने. ते यंत्र बिघडले की परदेशी कंपनीचा माणूस येईपर्यंत महिने जातात, आणि दहा हजारांत रबाळ्यात होणारा फ्लँज तीन दरपत्रकांच्या फेऱ्यात अडकतो.

आपल्या प्रतिनिधींनी यापुढे एखाद्या विद्यापीठातील क्वांटम प्रयोगशाळेची बातमी करताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: इथे तंत्रज्ञांची मंजूर पदे किती, आणि त्यांतली भरलेली किती. विद्यापीठ प्रशासनाला माझी विनंती अशी की, टर्नर आणि काचकाम या दोन जागा कंत्राटी न ठेवता कायमस्वरूपी भराव्यात, आणि निवृत्त तंत्रज्ञांना मानधन देऊन निदान दोन वर्षे नव्या माणसांना शिकवायला बोलवावे. आमचे ते ज्येष्ठ तंत्रज्ञ यायला तयार आहेत. मी त्यांना विचारले आहे. ठाण्याच्या आयटीआयमधली दोन मुले दरवर्षी माझ्याकडे घेऊन सुरीची धार, आतले वेल्डिंग आणि स्वच्छता शिकवायची माझी तयारी आहे, त्याचे पैसे नकोत. फक्त ताडपत्री काढून तो लेथ चालू करायला विभागाने परवानगी द्यावी. त्याचा पट्टा मी बदलून देईन.

आपला विश्वासू,
एक यंत्रशाळाचालक, ठाणे (पश्चिम)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)