डीएनए चाचणी झाली, पण कोणत्या डीएनएची?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘डीएनए चाचणीने शिक्कामोर्तब’, ‘डीएनएवरून नवी प्रजाती उजेडात’, ‘मांस कशाचे ते अहवालात स्पष्ट’ अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. त्यातल्या बहुतेक बातम्यांत एक तपशील राहून जातो. तपासलेला डीएनए पेशीच्या केंद्रकातला होता की माइटोकॉन्ड्रियातला, हे कुठेच लिहिलेले नसते. ते कळल्याशिवाय निष्कर्षावर किती विसंबायचे हे वाचकाला ठरवता येत नाही. प्राण्यांच्या डीएनएवर काम करणाऱ्यांना हे खटकते, कारण अशाच अहवालांवर वनगुन्ह्यांचे खटले उभे राहतात आणि कोणत्या प्राण्याला संरक्षण द्यायचे हेही ठरते.

माइटोकॉन्ड्रिया म्हणजे शालेय पुस्तकातल्या तंतुकणिका. त्यांना स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो. माणसात तो १६,५६९ बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या शिडीतल्या तेवढ्या पायऱ्यांचा, आहे आणि त्यावर फक्त ३७ जनुके आहेत. केंद्रकातला डीएनए याच्या शेजारी ठेवला तर तो सुमारे ३०० कोटी बेस-जोड्यांचा भरतो. तरीही संशोधक या एवढ्याशा डीएनएकडे वळतात, कारण साध्या पेशीत केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात आणि माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो ते हजारो. जुने हाड, गळलेला केस, उन्हात वाळलेली विष्ठा अशा नमुन्यांत केंद्रकातला डीएनए तुटून संपत आला, तरी याचे काही तुकडे शिल्लक सापडतात. शिवाय प्राण्यांमध्ये हा डीएनए केंद्रकातल्या डीएनएपेक्षा साधारणपणे जास्त वेगाने बदलतो, त्यामुळे जवळच्या प्रजातींतला फरकही थोड्या लांबीत दिसतो. तो आईकडून मुलांना जसाच्या तसा जातो, बापाचा त्यात वाटा नसतो. काही शिंपल्यांसारखे अपवाद सोडले तर प्राण्यांत हा नियम सहसा मोडत नाही. वंशाचा माग काढायला हे फार सोयीचे आहे, आणि या पद्धतीची मर्यादाही नेमकी इथेच आहे.

आपल्या माळरानावरचेच उदाहरण घ्या. पुणे परिसरात वेगळ्याच, फिकट पिंगट रंगाचे लांडगे दिसू लागले, तेव्हा ते लांडगा आणि कुत्र्याच्या संकरातून आले असावेत अशी शंका निसर्गप्रेमींना आली. लांडग्याची मादी आणि कुत्र्याचा नर यांच्या पिल्लाचा माइटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला, तर उत्तर येईल ‘लांडगा’. भारतीय लांडग्याची मातृशाखा, म्हणजे आईकडून चालत आलेल्या या डीएनएची शाखा, जगातल्या कुत्र्यांपासून चांगली वेगळी असल्याने हे उत्तर अगदी स्वच्छ येईल, शंकेला जागाच ठेवणार नाही. आई लांडगा आहे एवढ्यापुरते ते खरेही असेल. पण विचारलेला प्रश्न बापाचा होता. उलट कुत्री आणि लांडग्याचा नर असेल, तर त्याच चाचणीत ‘कुत्रा’ असे उत्तर येईल. पुढच्या दहा पिढ्या फक्त कुत्र्याच्या नरांशी संकर झाला, तरी मूळ मादी लांडगा असेपर्यंत अहवालात लांडगाच लिहिला जाईल. पुण्याजवळचा हा संकर २०२३ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून सिद्ध झाला तो केंद्रकातल्या जनुकसंचाच्या अभ्यासातून. द ग्रासलँड्स ट्रस्ट, पर्यावरण-संशोधन करणारी एट्री आणि जीवशास्त्र-संशोधन करणारी बंगळुरूची एनसीबीएस या संस्थांच्या संशोधकांनी ते काम केले. हा प्राणी टिकवायचा तर असा खर्चिक अभ्यास करावाच लागतो. माइटोकॉन्ड्रियाच्या स्वस्त चाचणीवर थांबलो, तर संकर डोळ्यांसमोर होत राहील आणि कागदावर सगळे शुद्ध लांडगेच दिसतील.

याउलट, प्रश्नच आईच्या वंशाचा असेल तर हीच चाचणी चोख काम करते. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन मठाच्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला हाड मिळाले. ते जॉर्जियाच्या राणी केतेवानचे असावे असा अंदाज होता. १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने तिला ठार मारले होते आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणले होते. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राने त्या हाडातला माइटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला, तेव्हा तो यू-१-बी या मातृशाखेचा निघाला. भारतीय उपखंडातल्या २२ हजारांहून अधिक नमुन्यांत ही शाखा आढळली नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत मात्र ती होती. एवढे होऊनही संशोधकांनी आपल्या निबंधात ‘हे हाड राणीचे असण्याची शक्यता आहे’ असेच लिहिले. तो नेमका शब्द होता. हा डीएनए राणीच्या बहिणींत, मावशांत आणि त्या वंशातल्या शेकडो अनोळखी बायकांतही तसाच असणार. तो कुळ सांगतो, व्यक्ती सांगत नाही. दस्तऐवज, उत्खननाची जागा आणि डीएनए हे तिन्ही एकाच दिशेला गेले, म्हणून तो निष्कर्ष टिकला.

आता प्रयोगशाळेत काय बिघडते ते. बिबट्याची विष्ठा घ्या. ती आतून ढवळून नमुना घेतला, तर त्यात बिबट्यापेक्षा त्याने खाल्लेल्या प्राण्याचा डीएनए जास्त असतो. बिबट्याच्या आतड्याच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या चकचकीत थरावर असतात, म्हणून तो थर हलक्या हाताने खरवडून घ्यायचा. त्यावर सार्वत्रिक प्रायमर वापरले, म्हणजे कोणत्याही सस्तन प्राण्याला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, तर पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, भक्ष्याचा डीएनएही तितक्याच जोमाने वाढतो. गावाजवळच्या बिबट्यांच्या आहारात कुत्री बरीच असतात. अशा वेळी अहवालात ‘कुत्रा’ आला तर ती कुत्र्याची विष्ठा असेलच असे नाही. उपाय दोन: मार्जार कुळापुरते प्रायमर वापरा, आणि वाढवायचा डीएनएचा तुकडा लहान ठेवा, १०० ते १५० बेस-जोड्यांचा. सीसीएमबीच्या संशोधकांनी २००३ मध्ये माइटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी जनुकासाठी सार्वत्रिक प्रायमर प्रसिद्ध केले. ते सुमारे ४७२ बेस-जोड्यांचा तुकडा वाढवतात आणि ताज्या मांसासाठी उत्तम आहेत. पण शिजवलेल्या मांसात किंवा जुन्या विष्ठेत एवढे लांब तुकडे शिल्लकच नसतात. तिथे पीसीआर रिकामा येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हात लावणाऱ्या माणसाचाच डीएनए वाढतो. म्हणून प्रत्येक फेरीत नमुन्याशिवायची एक नळी डीएनए काढण्यापासूनच चालवावी लागते. त्या नळीत पट्टा, म्हणजे डीएनए वाढल्याची खूण, दिसला की ती अख्खी फेरी बाद. हे न सांगता दिलेला अहवाल न्यायालयात टिकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त घातक. उत्क्रांतीच्या ओघात माइटोकॉन्ड्रियल डीएनएचे तुकडे केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसले आहेत. त्यांना न्यूम्ट म्हणतात. पाळीव मांजरात असा ७,९०० बेस-जोड्यांचा तुकडा एकापाठोपाठ एक ३८ ते ७६ वेळा बसलेला आहे, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. वाघ, बिबट्या असलेल्या पॅन्थेरा वंशातही मोठे न्यूम्ट आहेत. प्रायमर त्यांनाही चिकटतात आणि वाचून निघतो तो कित्येक लाख वर्षांपूर्वी अडकलेला बेस-जोड्यांचा जुना क्रम. तो आजच्या प्राण्याशी जुळत नाही, आणि ‘वेगळा वंश सापडला’ असे वाटू लागते. ओळखायच्या खुणा आहेत. क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसतात, प्रथिने बनवणाऱ्या जनुकात मधेच थांबा-संकेत, म्हणजे ‘प्रथिन इथे संपले’ अशी खूण, येतो, किंवा एखादी बेस-जोडी कमी-जास्त होऊन वाचनाची चौकटच सरकते. पण ही तपासणी करताना संकेतांचा तक्ता, म्हणजे तीन-तीन बेसच्या कोणत्या संकेताचा अर्थ काय ते सांगणारी यादी, योग्य निवडायला हवा. पृष्ठवंशी प्राण्यांच्या माइटोकॉन्ड्रियात टीजीए हा संकेत थांबा नसून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल देतो, आणि एजीए व एजीजी यांना केंद्रकातला अर्थ उरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा तक्ता ठेवून भाषांतर केले, की चांगला क्रमही न्यूम्टसारखा दिसतो. पृष्ठवंशी प्राण्यांसाठी तक्ता क्रमांक २, कीटकांसारख्या अपृष्ठवंशींसाठी ५. पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये ही चूक सहज होते. आणि न्यूम्टची खात्री करायची असेल तर एक लांब तुकडा वाढवून पाहावा, कारण पूर्ण माइटोकॉन्ड्रियल वर्तुळाएवढे सलग न्यूम्ट विरळाच.

सह्याद्रीतल्या बेडकांच्या आणि पालींच्या नव्या प्रजातींबद्दलही हेच. मातृवंशात फरक दिसणे ही चांगली सुरुवात आहे, पण एवढ्यावर प्रजाती ठरत नाही. माद्या एकेका डोंगरापलीकडे जात नसतील आणि नर जात असतील, तर या एकाच डीएनएत खोल फरक दिसेल आणि केंद्रकात मिसळण चालूच असेल. जुना संकर तर चित्र उलटेही करून ठेवतो. अलास्कातल्या ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ बेटांवरच्या तपकिरी अस्वलांचा माइटोकॉन्ड्रियल डीएनए इतर तपकिरी अस्वलांपेक्षा ध्रुवीय अस्वलांना जवळचा आहे, पण केंद्रकातला डीएनए पाहिला की ती तपकिरी अस्वलेच ठरतात. चांगले संशोधक म्हणूनच शरीररचना, आवाज आणि केंद्रकातली एक-दोन जनुके जोडीला देतात. बातमीत मात्र फक्त ‘डीएनए’ उरतो, आणि बाकीच्या कष्टांचा उल्लेखही येत नाही.

डीएनए-क्रमांच्या जागतिक डेटाबेसमधल्या जुळणीबद्दल एक शब्द. ‘९९ टक्के जुळले’ याचा अर्थ त्या साठ्यात असलेल्यांपैकी हा सर्वांत जवळचा. खरी प्रजाती साठ्यात नसेल, तर तिची बहीण पहिल्या क्रमांकावर येते. चुकीच्या नावाने जमा झालेले क्रमही तिथे आहेत. संग्रहालयात जपलेल्या, तज्ज्ञाने ओळखलेल्या नमुन्याशी जोडलेला क्रम असेल तरच त्यावर भार द्यावा. आणि काही प्रश्न या चाचणीला विचारूच नयेत. जप्त केलेले मांस रानडुकराचे की गावठी डुकराचे, हा त्यातलाच एक. दोघे एकाच प्रजातीचे, त्यामुळे फक्त सायटोक्रोम बीच्या आधारे यात कुणी ठाम उत्तर दिले तर ते संशयाने पाहावे.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की अशा बातमीत डीएनए माइटोकॉन्ड्रियातला होता की केंद्रकातला, किती बेस-जोड्या वाचल्या, किती प्राण्यांच्या आणि कशाशी ताडून पाहिल्या, हे एका वाक्यात द्यावे. संशोधक ते दोन मिनिटांत सांगतील. नाही सांगितले, तर ती बातमी थोडी थांबवलेली बरी.

ग्रामीण भागातल्या आपल्या वाचकांसाठीही एक गोष्ट. रस्त्यावर गाडीखाली सापडलेला लांडगा दिसला तर वनविभागाला लगेच कळवा. तो कायद्याने अनुसूची १ मधला प्राणी आहे, त्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. वनकर्मचाऱ्यांनी हरभऱ्याएवढा स्नायूचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावा. अल्कोहोल तुकड्याच्या कित्येक पट हवे, कारण कमी पडले तर मांसातल्या पाण्याने ते पातळ होते आणि आतला भाग सडतो. फॉर्मलीन वापरू नये, त्याने डीएनए एकमेकांत अडकून तुटतो. लेबल पेन्सिलीने लिहावे, शाई अल्कोहोलात विरघळते. नुसते गळलेले केस उचलून पाठवू नयेत. मुळाशिवायच्या केसात केंद्रकातला डीएनए जवळजवळ नसतोच, त्यातून फक्त आई कळते, आणि संकराचा प्रश्न होता तिथेच राहतो.

आपले,
वन्यजीव जनुकशास्त्राचे अभ्यासक, पुणे