पुनर्जन्म आणि पुनर्भव : शब्दांची गल्लत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पुनर्जन्मावरचा लेख वाचला. 'आजचे दुःख म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, हे हिंदू आणि बौद्ध दोन्ही परंपरा सांगतात' हे त्यातले मुख्य विधान. बौद्ध परंपरेपुरते ते चूक आहे, हिंदू परंपरेपुरते अर्धेमुर्धे खरे आहे. ही चूक नेहमीचीच आहे, पण दोन कॉलमी मथळ्यात छापली गेली म्हणून हे पत्र.

मुळात एका देहातून दुसऱ्या देहात जाते काय? लेखकाने गीतेतला 'वासांसि जीर्णानि' हा श्लोक (२.२२) दिला आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर 'जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे, मग नूतन वेढिजे' असे म्हणून ते वस्त्र वेढणाऱ्याला 'चैतन्यनाथ' असे गोड नाव दिले आहे. वस्त्रे बदलतात, नेसणारा तोच, ही हिंदू बाजूची मूळ कल्पना. पण म्हणून 'आत्मा एका शरीरातून दुसऱ्यात प्रवास करतो' असे शास्त्रकार म्हणत नाहीत. आत्मा सर्वव्यापी असेल तर तो जाणार कुठून आणि कुठे? प्रवास करते ते लिंगशरीर, म्हणजे स्थूल देहाच्या आतले सूक्ष्म शरीर. सांख्य दर्शनाच्या हिशेबाने त्याचे घटक १८ : बुद्धी, अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये आणि पाच तन्मात्रे (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म तत्त्वे). वेदान्ती अहंकार आणि तन्मात्रे वगळून, पंचप्राण धरून १७ मोजतात. सांख्यांचा ग्रंथ सांख्यकारिका तर स्पष्टच सांगते, पुरुष, म्हणजे आत्मा, बांधलाही जात नाही, सुटतही नाही आणि संसरणही (जन्मोजन्मी फिरणे) करत नाही. हे सारे जड प्रकृतीचे. कीर्तनातून प्रवचनातून हा बारकावा गळून पडतो आणि आत्मा म्हणजे पिशवी घेऊन गाव बदलणारा पांथस्थ होतो.

छांदोग्य उपनिषदातला परतीचा रस्ता तर मुळातून वाचण्यासारखा आहे. चंद्रलोकी पुण्य सरले की जीव आकाशात येतो, मग वारा, धूर, अभ्र, मेघ आणि पाऊस. पावसाबरोबर जमिनीत उतरून तो भात, जव, तीळ, उडीद होतो. इथे उपनिषद एक शेरा मारते : यातून बाहेर पडणे फार अवघड. कारण ते धान्य कोणीतरी खाल्ले पाहिजे, त्याचे रेत झाले पाहिजे, तेव्हा कुठे पुढचा जन्म.

आता बौद्ध बाजू. पाली ग्रंथांत रूढ शब्द 'पुनब्भव' आहे, पुनर्भव. पुन्हा 'होणे'. तोच कोणीतरी पुन्हा जन्मतो असे त्यात गृहीत नाही. माणूस म्हणजे रूप (देह), वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रेरणा) आणि विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे घटकसमूह. त्यांच्या आत बसलेला सहावा मालक कोणी नाही. साति नावाच्या, कोळ्याच्या कुळातून आलेल्या भिक्षूला वाटले, हेच विज्ञान या जन्मातून त्या जन्मात धावते, तेच, दुसरे नाही. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले आणि सर्वांसमक्ष खोडून काढले (मज्झिम निकाय ३८; 'निकाय' म्हणजे बुद्धवचनांचे पाली संग्रह). दाखला अग्नीचा : लाकडावर पेटला तर लाकडाचा विस्तव, गवतावर पेटला तर गवताचा, शेणीवर पेटला तर शेणीचा. विज्ञानालाही ज्या कारणाने ते उपजते त्याचेच नाव; कारणावाचून विज्ञानाची उत्पत्ती नाही. म्हणजे ज्याला आपले पुष्कळ लेखक 'बौद्धांचा आत्मा' समजतात, ते मत खुद्द बुद्धांनीच आपल्या शिष्याच्या तोंडावर नाकारलेले आहे.

मग केले एकाने आणि भोगले दुसऱ्याने, असे होत नाही का? हा आक्षेप नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद राजाने नागसेन या भिक्षूला तोच विचारला. नागसेनाने आंबेचोराचा खटला समोर ठेवला. चोर म्हणतो, 'मी याचे आंबे घेतलेच नाहीत. याने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे.' राजा चोराला सोडतो का? नाही. कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांमुळेच आले. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखलाही त्याच संवादात आहे : पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच म्हणता येत नाही आणि दुसरी म्हणता येत नाही. जबाबदारी टिकायला मालक टिकावा लागत नाही, साखळी अखंड असली की पुरे. हा युक्तिवाद पटो न पटो, पण हिंदू मताहून तो वेगळा आहे एवढे तरी कबूल करायला हवे.

'बौद्ध मतानुसार आत्मा ४९ दिवस भटकतो' हे लेखातले वाक्य म्हणूनच दुहेरी चुकले आहे. आत्मा नाही, आणि ४९ दिवसही सगळ्यांचे नाहीत. ती अंतराभवाची, म्हणजे मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्यामधल्या अवस्थेची, मुदत तिबेटी परंपरेत प्रसिद्ध आहे. थेरवादात, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या बौद्ध परंपरेत, च्युतिचित्त (मरतानाचा शेवटचा चित्तक्षण) संपले की लगेच प्रतिसंधिचित्त (नव्या जन्माचा पहिला चित्तक्षण), मध्ये फट नाही. थेरवादाच्या कथावत्थू या वादग्रंथात अंतराभवाचे मत वाद घालून फेटाळले आहे.

आता दुःखाकडे. बौद्ध धर्म दुःखवादी आणि हिंदू धर्म आनंदवादी ही विभागणी लेखकाने कुठून उचलली कोण जाणे. सांख्यकारिकेची सुरुवातच दुःखत्रयाने होते : आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक. पतंजली तर योगसूत्रांत 'दुःखमेव सर्वं विवेकिनः' (विवेकी माणसाला सारे दुःखच, २.१५) म्हणतात, आणि त्यांवरचे व्यासभाष्य त्याच ठिकाणी रोग, रोगाचे कारण, आरोग्य, औषध अशी चौकट मांडते. बुद्धांच्या चार आर्यसत्यांशी (दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध, निरोधाचा मार्ग) ती जुळते, हे डोळ्यात भरावे इतके उघड आहे. फरक निदानात आहे. सांख्य-योगात मूळ अविद्या म्हणजे द्रष्टा आणि दृश्य एकच समजणे. ओळख पटली की द्रष्टा सुटा होतो. बुद्धांच्या मते 'मी द्रष्टा' हीच पकड ढिली व्हायला हवी. एकाच्या औषधाला दुसरा रोग म्हणतो.

आणि लेखातला सर्वांत गंभीर दोष. सिवक नावाच्या परिव्राजकाने (फिरत्या संन्याशाने) बुद्धांना नेमका हाच प्रश्न विचारला होता : काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वी केलेल्या कर्मामुळे, आपले काय मत? उत्तरात (संयुत्त निकाय ३६.२१) आठ कारणे मोजली आहेत. पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, शरीराची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ. आठांतले एक. सारे पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगात सत्य मानले जाते त्याच्याही पलीकडे जातात, असा निर्वाळा पुढे आहे. अंगुत्तर निकायात तर 'सर्व पूर्वकृतामुळे' हे मत 'सर्व ईश्वरामुळे' आणि 'सर्व विनाकारण' यांच्याच पंक्तीला बसवले आहे, कारण तिन्हींत काय करावे आणि काय टाळावे याला अर्थ उरत नाही.

'जैसे कर्म तैसे फळ' हेही बौद्ध बाजूला सरळ नाही. मिठाचा खडा पेलाभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर फरक पडत नाही. तेवढेच छोटे पाप एकाला नरकात नेते, तर साधनेने मन विस्तारलेल्याला इथेच जेमतेम जाणवते.

हिंदू बाजूला प्रारब्ध मानले आहे हे खरे. संचित हे साठ्यातले, क्रियमाण हे आत्ता घडत असलेले, प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण. ज्ञान झाल्यावर संचित जळते, पुढचे चिकटत नाही, पण सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जातोच, असे शंकराचार्यांचे म्हणणे. पण हा हिशेब ज्ञान्याचा देह लगेच का पडत नाही हे सांगण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या आजाराचे कारण ठरवण्यासाठी नव्हे. 'गहना कर्मणो गतिः' (कर्माची गती गहन आहे) असे गीताच म्हणते (४.१७), आणि कर्मविपाक हा अचिंत्य विषय, त्याच्या मागे लागणारा वेडा होईल, असे अंगुत्तर निकाय बजावतो. तेव्हा जन्मजात व्यंगाला 'मागच्या जन्मीचे' म्हणून लेखकाने जी उदाहरणे दिली आहेत, त्यांना दोन्हीकडून आधार मिळत नाही.

आणखी एक. पुन्हा जन्म म्हणजे शिक्षाच, हेही सार्वत्रिक नाही. 'न लगे मुक्ति धन संपदा' म्हणणारे तुकोबा पुढे 'गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी' असे मागतात. संतसंग मिळणार असेल तर जन्माला ना नाही. उलट बौद्ध स्रोतापन्नाला, म्हणजे मुक्तीच्या वाटेची पहिली पायरी गाठलेल्याला, जास्तीत जास्त सात भव (जन्म) उरतात, आणि ते कमी होणे हीच प्रगती.

डॉ. आंबेडकरांचा उल्लेख लेखात एका ओळीत उरकला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हे मत नाकारले आहे, आणि पुनर्जन्माचा अर्थ भौतिक घटक पुन्हा एकत्र येणे असा लावला आहे. ही भूमिका थेरवादाहूनही वेगळी आहे, तिला 'बौद्ध मत' या एकाच गाठोड्यात बांधू नये.

लेखाचा पुढचा भाग यायचा आहे असे दिसते. तो छापण्यापूर्वी लेखकाने सिवकाचे ते पान-दीड पानाचे सुत्त डोळ्यांखालून घालावे, आणि बौद्ध संदर्भात 'पुनर्जन्म' ऐवजी 'पुनर्भव' लिहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक