भाऊ, तुम्ही मायला विचारलं

भाऊ,

नाव लिहीत नाही, कारण तुम्हीच म्हणालात माझं नाव कुठं टाकू नका. पण आपल्या पूर्व विदर्भातल्या वडसा, आरमोरी, कुरखेडा पट्ट्यात झाडीपट्टीचं नाटक पाहणाऱ्यांना ऑर्गनवर कोण बसते ते सांगावं लागत नाही. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री बाबांचं गाणं झालं त्याला आज नऊ दिवस झाले. फोन लावला की गळा भरून येते, धड दोन वाक्यं बोलता येत नाही, म्हणून लिहून राहिलो. सगळ्यांसमोर लिहितो, सगळ्यांना कळू द्या.

माझे बाबा पेटीमास्तर होते. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं, बाकीचे महिने धानाच्या बांधीत. चाळीसेक वर्षांपूर्वी एका निर्मात्यानं त्यांना मराठी पिक्चरची चार गाणी करायला सांगितली. मुहूर्ताचा नारळ फुटला, पुढं पैसे संपले आणि पिक्चर डब्यात गेला, एकही गाणं रेकॉर्ड झालं नाही. राहिली ती फक्त बाबांची दोनशे पानी वही. त्यात दोन गाणी पूर्ण, तिसऱ्याचा अंतरा अर्ध्यावर तुटलेला, चौथ्याचा नुसता मुखडा.

बाबा 'पाकीजा'ची गोष्ट लई वेळा सांगत. गुलाम मोहम्मद 1968 ला गेले, पिक्चर आला 1972 ला, राहिलेलं काम नौशादनं पूर्ण केलं, पण गाण्यांचे संगीतकार म्हणून नाव गुलाम मोहम्मदचंच राहिलं. 2004 ला 'वीर-झारा' आला तेव्हा तर ते दिवसभर रेडिओजवळून उठले नाहीत. मदन मोहन 1975 लाच गेलेले, आणि त्यांच्या पडून राहिलेल्या चालींवर नवीन गाणी वाजत होती. संध्याकाळी जेवताना एवढंच बोलले, "त्याच्या पोरानं जपून ठेवलं." माझ्याकडं पाहून नाही बोलले. पण मी ऐकलं. आणि मला तर सा कुठं आहे हे पण समजत नाही.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती वही घेऊन मी कुठं कुठं फिरलो ते मलाच माहीत. एका मोठ्या शहरातल्या संगीतवाल्यानं "करून देतो" म्हणून वही आठ महिने ठेवून घेतली, परत आली तेव्हा कव्हर गायब आणि पानांवर चहाचे डाग. त्यानं वाजवून दाखवलेली चाल अशी काही वर चढत होती की गाणाऱ्याचा गळा फाटेल, वरून म्हणाला की तुमच्या वडिलांचा अभ्यास कच्चा होता. मी तसाच ऐकून घरी आलो, मायला सांगितलं नाही. दुसऱ्या एकानं अपूर्ण गोष्टीला व्हॅल्यू नसते म्हणून वही उघडलीच नाही. तिसरा म्हणे खाली बीट टाकतो, मग चालेल, त्याला पैसे आधी पाहिजे होते. एकानंही विचारलं नाही की हा माणूस कोण होता, कसा गात होता, घरात अजून कोणी आहे का.

मग तुम्ही आले. पडवीत चटईवर बसले, वहीखाली आधी स्वतःचा दुपट्टा अंथरला. मी वहीसोबत त्या शहरवाल्यानं लिहून दिलेला कागद पण दिला होता, तुम्ही तो समोर ठेवून मुखडा वाजवायला लागले. तेवढ्यात माय चहा घेऊन आली. ती काही बोलली नाही, दारातच थांबली आणि तिचं तोंड जरासं आंबट झालं. मला तर ते दिसलंही नसतं. तुम्ही वाजवता वाजवता थांबले, पट्ट्यांवरून हात उचलला आणि विचारलं, "काकू, चुकलं का माझं?"

भाऊ, या पत्रात मला खरं सांगायचं ते एवढंच आहे. अकरा वर्षांत मायला कोणी विचारलं नव्हतं. मी पण नाही. ती चहा देणारी बाई होती, वही पाहायला येणाऱ्या सगळ्यांसाठी.

माय म्हणाली, "मले काय समजते बापू त्याच्यात. पन ते येवडे वरत नाई जात जी. खाली म्हनत." आणि तिथंच उभ्या उभ्या, हातात ट्रे धरून, तिनं ती ओळ म्हणून दाखवली. तुम्ही कागद बाजूला ठेवला, बाबांची वही उघडली आणि बराच वेळ एकाच पानावर बोट फिरवत राहिले. मग हसले. म्हणाले, ही पलुस्करांची सूर लिहायची लिपी आहे, भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्करांच्या पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र. म्हणजे बाबांनी जे खालच्या सुरात लिहिलं होतं ते लोकांनी वरच्या सुरात वाचलं. अभ्यास बाबांचा कच्चा नव्हता. माय चहाचा ट्रे घेऊन तशीच आत गेली, आणि मला ठाऊक आहे ती चुलीजवळ जाऊन रडली.

नंतर तुम्ही तिला जवळ बसवलं. तिचा आवाज आता बसलेला, चढवायला गेली की तुटते, तर तुम्ही तिला सूर चढवायला लावला नाही, म्हणाले "काकू, तुम्ही तुमचा सूर धरा, मी येतो खाली." ती धान पाखडायची तेव्हा बाबा बाजूला बसून त्या चाली गुणगुणायचे, तिला तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याची वहीत नसलेली एक ओळ आठवली. एकच. शेवटची ओळ कोणाकडंच नव्हती, ती तुम्ही बांधली.

आणि शंकरपटाच्या रात्री, नाटकाचा पडदा उघडायच्या आधी, अर्धा तालुका समोर बसलेला असताना तुम्ही माइकवर सांगितलं की संगीत मास्तरांचं आहे, एक ओळ काकूंनी जपलेली आहे आणि शेवटची तेवढी माझी, ती आवडली नाही तर मास्तरांना दोष देऊ नका. हे कोण सांगते, भाऊ? पूर्ण गाणं आपलं म्हणून खपवणारे कमी नाहीत, विचारायला बाबा येणार नव्हते. तुम्ही सीझनभर रात्र रात्र जागता, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाता, आणि माझ्याकडून गाडीभाड्याशिवाय एक रुपया घेतला नाही. माणसाचा मोठेपणा असाच असते, दिसत नाही, आपल्या गावात बाजूच्याच चटईवर बसून राहते. अशा माणसांच्या भरवशावरच ही झाडीपट्टी उभी आहे, असं मला मनापासून वाटते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, तिनं नाही वाजवल्या. गाणं संपेपर्यंत तिच्या हाताची बोटं मांडीवर ताल धरून होती.

आता एक सांगायचं राहिलं. काल धान चुरणं चालू असताना माय मध्येच थांबली आणि चौथ्या गाण्याचं काहीतरी गुणगुणायला लागली, ज्याचा वहीत नुसता मुखडा आहे. मी मोबाइल काढला तर गप्प झाली. म्हणे, "तुयासमोर नाई. त्या पोराले बलाव."

सीझन आवरला की या भाऊ. गोंदियाच्या गाडीनं आले तर वडसा स्टेशनवर घ्यायला येतो.

तुमचा,
मास्तरांचा मुलगा